दृष्टी देणारी चकती

(व्याख्यानाचा मजकूर)



सोनोग्राफीच्या खोलीत जाण्याचा प्रसंग ज्या घरावर कधी आला नाही, असे घर आज शोधूनही सापडणे कठीण आहे. खोलीत मंद उजेड असतो. पोटावर गार जेली लावली जाते. डॉक्टर हातातला प्रोब पोटावर टेकवतात आणि मग रुग्ण, नातेवाईक, परिचारिका आणि स्वतः डॉक्टर अशा सर्वांचे डोळे पडद्यावर खिळतात. प्रोबकडे कोणाचेच लक्ष नसते. वस्तुतः पडद्यावर जे काही उमटते ते त्या प्रोबच्या तोंडाशी बसवलेल्या, नखाहूनही पातळ अशा एका चकतीने ऐकलेले असते. संगणक कितीही वेगवान असो आणि पडदा कितीही मोठा असो, चकतीला जे ऐकू आले नाही ते पडद्यावर कधीच येत नाही.

तपासणीच्या अहवालात पुष्कळदा एक ओळ वाचायला मिळते, ‘स्वादुपिंड नीट दिसू शकले नाही.’ कधी त्याचे कारण आतड्यातला वायू असतो. त्यापुढे कोणत्याही चकतीचा इलाज चालत नाही. पण कधी कारण एवढेच असते की रुग्ण स्थूल आहे, अवयव खोल आहे आणि तिथून परतणारा प्रतिध्वनी ऐकण्याइतके त्या प्रोबचे कान तिखट नाहीत. अशा वेळी न दिसलेली गाठ ही केवळ यंत्राची मर्यादा राहत नाही. ती एका माणसाच्या आयुष्यातली गमावलेली संधी ठरते. या चकतीचा पदार्थ सुधारण्यासाठी शंभराहून अधिक वर्षे जी खटपट चालू आहे तिचे मोल हे असे आहे.

या कथेचा आरंभ १८८० साली पॅरिसमध्ये झाला. झाक आणि पिएर क्युरी हे दोघे भाऊ तेव्हा ऐन विशीत होते. काही स्फटिक दाबले असता त्यांच्या पृष्ठभागावर विद्युतभार उमटतो, हे त्यांनी दाखवून दिले. विश्वकोशकारांनी यासाठी ‘दाबविद्युत्’ हा नेमका शब्द योजला आहे. पुढच्याच वर्षी लिपमान यांनी गणिताने सांगितले की याचे उलटेही घडले पाहिजे, म्हणजे वीज दिली तर स्फटिकाने आकसले-फुगले पाहिजे. क्युरी बंधूंनी तेही प्रयोगाने खरे करून दाखवले. एकाच चकतीला बोलताही यावे आणि ऐकताही यावे, ही आजच्या सोनोग्राफीची सारी करामत या दोन वाक्यांत सामावलेली आहे.

या शोधाला काम मिळाले ते मात्र युद्धात. पिएर क्युरी यांचे विद्यार्थी पॉल लांजव्हँ यांनी पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांचा माग काढण्यासाठी पोलादी पट्ट्यांच्या मध्ये क्वार्ट्झच्या, म्हणजे आपल्या गारगोटीच्या जातीच्या स्फटिकाच्या चकत्या बसवल्या आणि पाण्यात श्राव्यातीत ध्वनी सोडला. आपल्या पोटावर आज फिरणारा प्रोब हा त्या पाणबुडी-शोधकाचाच वंशज आहे.

वैद्यकात हे तंत्र आणणाऱ्यांनीही ते कारखान्यांतूनच उचलले. स्वीडनमधील लुंड येथे इंगे एड्लर हे हृदयरोगतज्ज्ञ आणि कार्ल हेलमुथ हर्ट्झ हे भौतिकशास्त्रज्ञ होते. मालम्यो येथील जहाजबांधणी कारखान्यात सांधे तपासण्यासाठी वापरले जाणारे यंत्र हर्ट्झ यांनी पाहिले, उसने मागितले आणि ते स्वतःच्याच छातीला लावून पाहिले. १९५३च्या ऑक्टोबरमध्ये हृदयाच्या हालचालीचा पहिला आलेख त्यांनी टिपला. स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे इयन डोनाल्ड या स्त्रीरोगतज्ज्ञांनी २१ जुलै १९५५ रोजी याहून विलक्षण प्रयोग केला. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी त्यांनी मोटारीत घातल्या आणि बाष्पके बनवणाऱ्या एका कारखान्यात नेल्या. तेथे धातूतील भेगा शोधणाऱ्या यंत्राने त्या तपासल्या, आणि तुलनेसाठी कारखान्याने मांसाचा एक मोठा तुकडा आणून ठेवला होता! द्रवाने भरलेली गाठ आणि भरीव गाठ यांचे प्रतिध्वनी निराळे येतात, हे त्या दिवशी स्पष्ट झाले. पुढे टॉम ब्राउन या तरुण अभियंत्याची साथ मिळाली आणि १९५८च्या जूनमध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. जठराचा कर्करोग असाध्य अवस्थेत गेला आहे असे ज्या स्त्रीविषयी ठरून गेले होते, तिच्या पोटात प्रत्यक्षात बीजांडकोशाची द्रवाने भरलेली गाठ आहे हे या यंत्राने दाखवले. गाठ काढली आणि ती स्त्री बरी झाली.

आता त्या चकतीकडे वळू. क्वार्ट्झ हा निसर्गाने दिलेला सज्जन पदार्थ आहे, स्थिर आणि टिकाऊ. पण त्याचे बोलणे फार हळू. एक न्यूटन बलाने दाबला असता किती विद्युतभार निघतो, हे मोजण्याचे एक माप आहे. त्या मापात क्वार्ट्झचा आकडा जेमतेम २ आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिका, रशिया आणि जपान या तिन्ही देशांत, एकमेकांना नकळत, बेरियम टायटनेट या पदार्थाचे गुण उजेडात आले. त्याचा आकडा १९०च्या आसपास आहे. विशेष म्हणजे हा पदार्थ मोठ्या स्फटिकाच्या रूपात वाढवावा लागत नाही. त्याची भुकटी करायची, साच्यात दाबायची आणि भट्टीत भाजायची. आपल्या कुंभाराच्या कलेचीच ही दूरची बहीण म्हणायची. केवळ भाजून मात्र भागत नाही. भाजलेल्या चकतीत असंख्य सूक्ष्म स्फटिककण असतात आणि प्रत्येकाचे तोंड निराळ्या दिशेला असते, त्यामुळे एकाचा भार दुसरा खाऊन टाकतो. म्हणून चकती तापवलेल्या तेलात बुडवून तिला प्रखर विद्युतदाब देतात. सारे कण शक्य तेवढे एका दिशेला वळतात आणि तेल थंड झाले की तसेच राहतात. याला ध्रुवीकरण म्हणतात.

बेरियम टायटनेटला गादीवरून दूर करणारा पदार्थ लवकरच आला. टोकियोत शिराने, ताकेदा आणि सावागुची यांनी शिसे, झिर्कोनियम आणि टायटॅनियम यांच्या संयुक्त ऑक्साइडांचा अभ्यास १९५२च्या सुमारास चालवला होता. १९५४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत बर्नार्ड जाफ आणि सहकाऱ्यांनी दाखवले की झिर्कोनियम साधारण ५२ भाग आणि टायटॅनियम ४८ भाग असेल तेव्हा या पदार्थात दाबविद्युत् गुण एकदम उसळी घेतो. कारण मोठे रंजक आहे. झिर्कोनियम जास्त असेल तर अणूंची रचना एका प्रकारची होते, टायटॅनियम जास्त असेल तर दुसऱ्या प्रकारची. ५२-४८च्या प्रमाणावर पदार्थ जणू दोन खोल्यांमधल्या उंबरठ्यावर उभा असतो आणि थोड्याशा धक्क्यानेही इकडून तिकडे जायला तयार असतो. लेड झिर्कोनेट टायटनेट, अर्थात पीझेडटी, हाच तो पदार्थ. त्याच्या मृदू जातींचा आकडा ६००च्या घरात जातो. पुढची कित्येक दशके जगातल्या बहुतेक सर्व प्रोबांवर त्याचेच राज्य चालले, आणि आजही ते पुरते गेलेले नाही.

मग सुधारायचे काय उरले, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. त्याचे उत्तर जेलीत आहे. एका पदार्थातून दुसऱ्यात जाताना ध्वनी अडतो. दोन्ही पदार्थांचा ध्वनिसंरोध, म्हणजे घनता आणि ध्वनिवेग यांचा गुणाकार, जितका निराळा तितका ध्वनी अधिक मागे फिरतो. हवेचा ध्वनिसंरोध इतका कमी आहे की कातडी आणि प्रोब यांच्यात हवेचा नुसता पापुद्रा राहिला तरी जवळजवळ सारा ध्वनी परत जातो. जेलीचे काम एवढेच, की हवा हटवणे. पण जेली लावूनही मुख्य अडथळा राहतोच. शरीराचा संरोध प्रचलित एककात सुमारे १.५ आहे, पीझेडटीचा ३० ते ३५. हिशेब केला तर चकती थेट शरीराला टेकवल्यावर पाचांतला चार भाग ध्वनी चकतीतच परत फिरतो. जो एक भाग आत जातो त्यातला अत्यल्प अंश प्रतिध्वनी म्हणून येतो, आणि त्याचीही परतीच्या वाटेवर तीच गत होते.

यावर पहिला उपाय निघाला तो मध्यस्थाचा. चकती आणि कातडी यांच्या मध्ये, दोघांच्या दरम्यान संरोध असलेल्या पदार्थाचा थर द्यायचा आणि त्याची जाडी ध्वनिलहरीच्या लांबीच्या बरोबर एक चतुर्थांश ठेवायची. चांगल्या प्रोबमध्ये असे दोन किंवा तीन थर असतात. शरीरात ५ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ०.३ मिलिमीटर भरते. यावरून हे थर किती काटेकोरपणे घासावे लागत असतील याची कल्पना यावी.

दुसरी अडचण नादाची. देवळातली घंटा एकदा वाजवली की कितीतरी वेळ घुमत राहते. सोनोग्राफीला घंटा नको असते, टाळी हवी असते. चकती घुमत राहिली तर जवळजवळ असलेल्या दोन पडद्यांचे प्रतिध्वनी एकमेकांत मिसळतात आणि दोन रेषांच्या जागी एक जाड डाग दिसतो. तबलजी जसा थाप दिल्याबरोबर हात टेकवून नाद दाबतो, तसे चकतीच्या पाठीमागे इपॉक्सीत टंगस्टनची भुकटी मिसळून केलेले भरण लावतात. ते घुमणे शोषून घेते, पण त्याबरोबर कामाचा आवाजही खाते. स्पष्टता हवी तर खोली सोडा, खोली हवी तर स्पष्टता सोडा, अशी ही कोंडी होती.

ती कोंडी फोडली ती अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठाने. रॉबर्ट न्यूनहॅम, एरिक क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली एक साधा वाटणारा विचार मांडला. पदार्थ कोणता घ्यायचा याइतकेच तो कसा गुंफायचा हेही महत्त्वाचे आहे. पीझेडटीच्या चकतीत हिऱ्याच्या पात्याने उभे-आडवे खाचे पाडायचे आणि त्यांत प्लॅस्टिकसारखे राळद्रव्य ओतायचे. मग राळेत उभ्या असलेल्या बारीक खांबांचे एक वनच तयार होते. खांब उभ्या दिशेने मोकळेपणाने आकसतात-फुगतात, कारण बाजूची राळ मऊ असते. संरोध निम्म्यावर येतो आणि वीज-ध्वनी रूपांतराची क्षमताही अखंड चकतीपेक्षा वाढते. एरवी मिश्रण म्हटले की दोघांच्या गुणांची सरासरी हाती यायची. येथे दोन पदार्थ मिळून दोघांपैकी कोणालाही एकट्याने न साधलेले काम करतात. पुढच्या दोन दशकांत ही संमिश्र चकती सोनोग्राफीच्या व्यवहारात रुळली.

यानंतरची गोष्ट धीर धरणाऱ्यांची आहे. भाजलेल्या चकतीतले कण कितीही वळवले तरी पूर्णपणे एका दिशेला येत नाहीत. मग संपूर्ण चकतीच एका अखंड स्फटिकातून का कापू नये? टोकियो तंत्रविज्ञान संस्थेत कुवाता, उचिनो आणि नोमुरा यांनी १९८१-८२ साली शिसे, जस्त, निओबियम आणि टायटॅनियम यांच्या एका स्फटिकाचे मोजमाप केले. त्याची रूपांतरक्षमता ९० टक्क्यांहून अधिक भरली. पीझेडटीची ७० ते ७५ टक्के असते. एवढा मोठा निष्कर्ष, पण स्फटिक चिमुकले होते. त्यांतून प्रोब कसा बनायचा? पंधरा वर्षे हा शोध जवळजवळ कागदावरच राहिला. १९९७ साली पार्क आणि श्राउट यांनी, तेही त्याच पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात, मोठे स्फटिक वाढवून त्यांचे गुण सविस्तर मांडले तेव्हा जगाचे लक्ष वेधले गेले. त्या मापात आकडा २०००च्या पुढे गेला होता. फिलिप्स कंपनीने २००४च्या सुमारास अशा एकस्फटिकी चकतीचे प्रोब बाजारात आणले, आणि इतर मोठ्या कंपन्याही त्या वाटेने गेल्या.

रुग्णाला याने काय मिळाले? एकस्फटिकी चकती नीच स्वरापासून उंच स्वरापर्यंत मोठ्या पट्ट्यात सारख्याच तयारीने गाते आणि ऐकते. स्थूल रुग्णाच्या पोटात खोल जायचे तर नीच स्वरात ध्वनी सोडावा लागतो. शरीरातून जाताना त्या ध्वनीतून दुप्पट कंप्रतेचा स्वर आपोआप निपजतो आणि तो ऐकला तर चित्र अधिक निर्मळ येते. खालच्या षड्जात बोलायचे आणि वरच्या षड्जात ऐकायचे, हे ज्या चकतीला जमते तिलाच हे साधते. ‘नीट दिसू शकले नाही’ ही ओळ काही अहवालांतून त्यामुळे पुसली गेली असेल.

मात्र या स्फटिकाचे लाडही पुष्कळ आहेत. तो वितळलेल्या द्रवातून अत्यंत मंद गतीने वाढवावा लागतो. वाढताना एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टायटॅनियमचे प्रमाण बदलत जाते, त्यामुळे संपूर्ण स्फटिक सारख्या गुणाचा निघत नाही. तो ठिसूळ असतो. शिवाय पहिल्या पिढीच्या स्फटिकांची अणुरचना साधारण ८० ते ९५ अंश सेल्सिअसला बदलू लागते. प्रोबचे तोंड कातडीला टेकलेले असताना ४३ अंशांच्या वर जाऊ नये असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे हे खरे, पण बनवताना कापणे, डिंकवणे आणि जोडणे यांत उष्णता लागते. म्हणून इंडियम मिसळून ही मर्यादा वर नेण्यात आली. अलीकडे समेरियम या दुर्मिळ मूलद्रव्याचा अंश घालून विलक्षण आकडे मिळाले आहेत. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात तो ४०००च्या पलीकडे गेला. सरळ विद्युतदाबाऐवजी उलटसुलट दाबाने ध्रुवीकरण केले तर त्याच स्फटिकाचे गुण वाढतात, आणि तो चक्क पारदर्शक होऊ शकतो, हे २०२०मध्ये दिसून आले.

एक खंत या साऱ्या यशाला चिकटलेली आहे, ती शिशाची. पीझेडटीच्या वजनात साठ टक्क्यांहून अधिक शिसे असते. रुग्णाला त्याचा धोका नाही, कारण चकती थरांखाली आणि रबरी भिंगाखाली बंद असते. धोका आहे तो भट्टीपाशी काम करणाऱ्याला, जिथे हजार अंशांच्या वर शिशाचे ऑक्साइड उडून जाऊ पाहते, आणि भंगारात गेलेला प्रोब फोडणाऱ्याला. युरोपने १ जुलै २००६पासून विद्युत उपकरणांतील शिशावर बंदी घातली आणि २०१४पासून वैद्यकीय उपकरणेही त्या कक्षेत आली. पण दाबविद्युत् सिरॅमिकला सवलत द्यावी लागली, कारण पर्याय तयार नव्हता. जपानमध्ये २००४ साली पोटॅशियम, सोडियम आणि निओबियम यांच्या शिसेविरहित सिरॅमिकने ४१६चा आकडा गाठला, तेव्हा मोठी आशा निर्माण झाली. ती आशा अद्याप प्रयोगशाळेच्या उंबरठ्यावरच आहे. निराळी वाट काढली ती सिलिकॉनने. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९९४च्या सुमारास संगणकाच्या चिपसारख्या पट्टीवर सूक्ष्म कंपणारे पडदे कोरण्यात आले. त्यात दाबविद्युत् पदार्थही नाही आणि शिसेही नाही. या तत्त्वावरचा, भ्रमणध्वनीला जोडता येणारा प्रोब २०१७ साली अमेरिकेत मान्य झाला.

असे खिशात मावणारे यंत्र म्हटले की आपल्याकडे एका जखमेची आठवण होणे अपरिहार्य आहे. मुलीला गर्भातच संपवण्यासाठी या विद्येचा वापर या देशात झाला. महाराष्ट्राने १९८८ साली, तेव्हा प्रामुख्याने गर्भजल परीक्षणाचा गैरवापर होत असताना, देशात पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ साली झाला आणि सोनोग्राफीचे प्रत्येक यंत्र नोंदणीच्या कक्षेत आले. दुर्गम भागातल्या प्रसूतीसाठी हे छोटे यंत्र वरदान ठरू शकते. तरी त्यावर निर्बंध का आहेत, याचे उत्तर यंत्रात नसून आपल्या घरांत आहे.

आता थोडे आपल्या भूमीकडे पाहू. पीझेडटीला लागते काय? शिसे, जे राजस्थानच्या खाणींत आहे. झिर्कोनियम, जे केरळ, तामिळनाडू आणि ओडिशाच्या किनारी वाळूत आहे. टायटॅनियम, ज्याचे काळे खनिज आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या वाळूतही आहे. ज्ञानही परके नाही. पुण्यात संरक्षण खात्याच्या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेत पीझेडटीवर काम करणारे केंद्र आहे, आणि साहिबाबादच्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स या सार्वजनिक कंपनीने हे सिरॅमिक बनवले आहे. सोनोग्राफी यंत्रांची जुळणीही भारतात होते. पण जुळणी आणि निर्मिती यांत मोठे अंतर आहे. चकती एखादे वेळी साधेल. ती केसाच्या जाडीच्या पात्याने सव्वाशे तुकड्यांत कापणे, प्रत्येकाला स्वतंत्र तार जोडणे, वर थर चढवणे आणि हे सारे हजारदा एकसारखे करणे, ही कारागिरी वर्षानुवर्षे हात बसल्याशिवाय येत नाही. एकस्फटिकाला लागणारे निओबियम तर बहुतांशी ब्राझीलहून येते. तेव्हा सारेच स्वदेशी होईल, अशी घोषणा करून टाळ्या घेण्यात अर्थ नाही. कोणता टप्पा आपण नेटाने पेलू शकतो, हे ठरवून त्याच्या मागे दहा-वीस वर्षे उभे राहण्याची तयारी हवी. टोकियोतला तो निष्कर्ष पंधरा वर्षे पडून राहिला, पण ज्यांनी स्फटिक वाढवण्याचा नाद सोडला नाही त्यांच्याच हाती फळ आले.

जाता जाता या चकतीच्या आजच्या सेवेकऱ्यांसाठी, म्हणजे तालुक्याच्या गावी सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांसाठी एक गोष्ट. प्रोब हातातून निसटून फरशीवर पडतो. बाहेरून काहीच दिसत नाही, पण आत सव्वाशेतले दोन-चार घटक तडकलेले असतात. चित्र तरीही येते, फक्त थोडे मंद, आणि डोळ्यांना त्याची सवय होते. नवा प्रोब महाग, म्हणून काम तसेच चालू राहते. तपासण्याची रीत सोपी आहे. जेली पुसून, यंत्र सुरू ठेवून, कागद अडकवायच्या क्लिपची गोल कड प्रोबच्या तोंडावर अलगद टेकवायची आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश सरकवायची. पडद्याच्या वरच्या बाजूला क्लिपच्या जागी उजळ पट्टा तिच्याबरोबर सरकताना दिसतो. ज्या ठिकाणी तो विझतो, तिथला घटक मुका झालेला आहे.